‘नवी प्रजाती सापडली’ या बातमीच्या आधी काय घडलेले असते?

पश्चिम घाटात नवा बेडूक, नवी पाल किंवा नवी वनस्पती सापडल्याची बातमी हल्ली वर्षातून अनेकदा वाचायला मिळते, आणि त्यात गोव्याचाही वाटा आहे. २००७ मध्ये सत्तरी आणि चोर्ला घाटाच्या परिसरातून देवगांडुळाच्या दोन प्रजातींची नोंद झाली. देवगांडूळ दिसायला गांडुळासारखे असले, तरी ते बेडकाप्रमाणेच उभयचर असते. त्या दोघांपैकी एकाला गोव्याचे आणि दुसऱ्याला म्हादईचे नाव मिळाले. पुढे २०१८ मध्ये आपल्या उंच सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, राहणाऱ्या एका लहानशा बेडकाचे ‘गोंयची’ असे शास्त्रीय नामकरण झाले. अशा बातम्या वाचल्यावर अनेकांच्या मनात एक साधा आणि अगदी रास्त प्रश्न येतो: हा बेडूक इतकी वर्षे होता कुठे, की तो आत्ताच तयार झाला?

बातमीतल्या ‘नवी’ या शब्दाचा अर्थ ‘विज्ञानाने नव्याने ओळखलेली’ एवढाच असतो. तो बेडूक माणसाने सड्यावर पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीपासून पावसाळ्यात ओरडत असणार. परंतु त्यातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. कधीतरी हा बेडूक आणि त्याचे जवळचे नातलग एकच होते. मग एकाचे दोन झाले कसे? शाळेत याचे उत्तर नीट मिळण्याची शक्यता आता आणखी कमी झाली आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला आणि देशभरातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून त्याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण जे विद्यार्थी दहावीनंतर जीवशास्त्र घेत नाहीत, त्यांची त्याच्याशी पुन्हा गाठ पडत नाही. म्हणून हे उत्तर अगदी मुळापासून मांडायला हवे.

प्रजाती म्हणजे काय?

वृत्तपत्रांत रुळलेल्या अर्थानेच ‘प्रजाती’ हा शब्द येथे वापरला आहे. मानकुराद, मुसराद आणि हिलारियो या आंब्याच्या वेगवेगळ्या जाती आहेत, पण प्रजाती मात्र एकच. त्यांचा एकमेकांशी संकर होऊ शकतो आणि त्यातून उगवलेल्या झाडालाही फळ धरते. याउलट घोडा आणि गाढव दिसायला बरेच सारखे असले, तरी त्यांच्या संकरातून होणारे खेचर जवळजवळ नेहमीच वांझ असते, कारण घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि खेचराच्या वाट्याला ६३ येतात, ज्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत. गुणसूत्रे म्हणजे पेशीतील ते धागे, ज्यांवर आनुवंशिक माहितीचे तुकडे, म्हणजेच जनुके, असतात.

अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये प्रजातीची जी व्याख्या मांडली, ती आजही सर्वाधिक वापरली जाते. जे जीव निसर्गात आपापसांत प्रजनन करतात, ज्यांची संततीही प्रजननक्षम असते आणि जे इतर अशा समूहांपासून प्रजननाच्या दृष्टीने वेगळे पडलेले असतात, त्यांची मिळून एक प्रजाती होते. या व्याख्येला मर्यादा आहेत. नर-मादीविना वाढणाऱ्या जिवाणूंना ती लागू पडत नाही, आणि केवळ जीवाश्मांतून माहीत असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत ती तपासता येत नाही. तरीही ती अतिशय उपयोगी आहे, कारण ती रंगरूपावर न थांबता नेमक्या मुद्द्यावर, म्हणजे कोणाची जनुके कोणात मिसळतात यावर, बोट ठेवते.

बदल येतो कुठून?

प्रत्येक पिढीत आनुवंशिक माहितीची नक्कल होते आणि नक्कल करताना थोडे फरक होतातच. प्रत्येक मानवी बाळात आईवडील दोघांतही नसलेले साधारण साठ ते सत्तर नवे फरक असतात. यांना उत्परिवर्तने म्हणतात. बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही, काही अपायकारक ठरतात आणि थोडी त्या त्या परिस्थितीत उपयोगी पडतात.

उपयोगी फरक असलेले जीव अधिक जगतात, अधिक संतती मागे ठेवतात आणि तो फरक समूहात पसरतो. हीच नैसर्गिक निवड. १८५८ मध्ये चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ही कल्पना जगापुढे ठेवली आणि पुढच्याच वर्षी डार्विनचा प्रजातींच्या उगमावरील ग्रंथ आला. ही निवड प्रत्यक्ष मोजलीही गेली आहे. प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या छोट्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून फिंच नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांचा अभ्यास केला. १९७७ मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला, लहान मऊ बिया संपल्या आणि मोठ्या कठीण बिया तेवढ्या उरल्या. लहान चोचीचे पक्षी मोठ्या संख्येने मेले, जाड चोचीचे तगले, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोचच मोठी झाली.

याखेरीज योगायोगाचाही वाटा असतो. एखाद्या टेकडीवर पन्नासच पाली असतील, तर त्यांतल्या कोणत्या पिल्ले घालण्याआधी सापाच्या तोंडी जातात, यावरही काही फरक टिकतात आणि काही पुसले जातात. समूह जितका लहान, तितका योगायोगाचा जोर अधिक.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण शालेय पुस्तकांतही ती अनेकदा निसटते. निवड आणि योगायोग मिळून एखाद्या समूहाला बदलू शकतात. मात्र एवढ्याने एका प्रजातीच्या दोन होत नाहीत. सगळा समूह मिळून बदलला, तर शेवटी समूह एकच राहतो. बदलणे वेगळे आणि दुभंगणे वेगळे. दुभंगण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तीच आहे.

देवाणघेवाण थांबते तेव्हा

दोन बहिणींनी आईच्या घरातून एकाच भांड्यातले विरजण नेले असे समजा. एक सांग्याला राहते, दुसरी पेडण्याला. दोघीही रोज आदल्या दिवसाच्या दह्याने नवे दूध विरजतात. कोणत्याही दिवशीचे दही आदल्या दिवसाच्या दह्यासारखेच लागते, पण दूध वेगळे, घरातला उबारा वेगळा, आणि दह्यातले जिवाणू त्या त्या परिस्थितीशी जुळवून घेत जातात. अनेक वर्षांनी दोन्ही घरांतल्या दह्यांची चव स्पष्टपणे निराळी होते. मात्र या काळात त्यांचे येणेजाणे असेल आणि अधूनमधून एकमेकींकडून विरजण नेले जात असेल, तर हा फरक वाढत नाही; प्रत्येक देवघेवीत तो पुसला जातो.

जीवांच्या समूहांतही असेच घडते. दोन समूहांत थोडेफार जरी प्रजनन होत राहिले, तरी एकीकडचे फरक दुसरीकडे पोहोचतात आणि दोन्ही समूह एकत्रच वाहत जातात. डोंगर, नदी, समुद्र किंवा कोरडा पट्टा मध्ये आला आणि ही देवाणघेवाण थांबली, की दोन्हीकडची उत्परिवर्तने वेगळी, निवड वेगळी आणि योगायोगही वेगळे. पिढ्यांमागून पिढ्या फरक साचत जातात. पुढे कधी अडथळा दूर होऊन ते पुन्हा समोरासमोर आले, तर एकमेकांना जोडीदार म्हणून ओळखत नाहीत, किंवा ओळखले तरी संतती धड निपजत नाही. तेव्हा एकाच्या दोन प्रजाती झाल्या असे म्हणता येते.

येथे एक शंका साहजिक आहे. संतती न होणे हे तर नुकसानीचे. मग नैसर्गिक निवड असा दोष टिकवून कसा ठेवते? थिओडोसियस डोबझान्स्की या शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात याचे उत्तर स्पष्ट केले. निवड हा दोष घडवत नाही, तो वेगळे राहण्याचा आनुषंगिक परिणाम असतो. एका समूहात एका जनुकात बदल होतो, दुसऱ्या समूहात दुसऱ्याच जनुकात. आपापल्या घरी दोन्ही बदल निर्धोक असतात, कारण तेथील इतर जनुकांशी त्यांचे जमते. पण हे दोन बदल एका शरीरात एकत्र कधी आलेलेच नसतात, त्यामुळे ते एकमेकांशी जुळतील याची कोणी पारख केलेली नसते. संकरात ते प्रथमच एकत्र येतात आणि तेथे बिघाड उघडा पडतो.

सह्याद्री या बाबतीत इतका समृद्ध का?

सुमारे १६०० किलोमीटर लांबीची पश्चिम घाटाची रांग दुरून सलग वाटते, परंतु लहान जीवाच्या दृष्टीने ती तुकड्यातुकड्यांची आहे. केरळ आणि तामिळनाडू यांच्यामध्ये पालघाटची खिंड आहे, तीस-चाळीस किलोमीटर रुंद आणि सखल. थंड, दमट शिखरांवरच जगणाऱ्या जीवाला ती ओलांडता येत नाही. त्याहून दक्षिणेला शेंकोट्टाची खिंड आहे. उत्तरेकडे, गोव्याच्या आसपास, दख्खनचा काळा बेसॉल्ट संपत जातो आणि दक्षिणेचे कितीतरी जुने खडक सुरू होतात. खडक बदलला की माती, उतार, पाणी आणि झाडोराही बदलतो.

शोला नावाच्या उंचावरील जंगलांत राहणारे, जमिनीलगत वावरणारे काही निळसर पक्षी याचे उत्तम उदाहरण आहेत. त्यांना पंख आहेत, पण ते शिखरावरचे जंगल सोडून खालच्या उष्ण मैदानात उतरत नाहीत. त्यामुळे पालघाटच्या उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे पक्षी लाखो वर्षे एकमेकांपासून तुटलेले राहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची जनुके, गाणी आणि रंग तपासल्यावर असे दिसले की त्यांचे फाटे या दोन खिंडींवरच फुटले आहेत, आणि शेंकोट्टाच्या दक्षिणेचा समूह तर स्वतंत्र प्रजाती म्हणूनच नोंदवला गेला. उडू शकणाऱ्या पक्ष्याची ही कथा, तर पालीची काय असेल? खडकांच्या कपारीत राहणाऱ्या, दिवसा वावरणाऱ्या छोट्या पालींच्या कित्येक प्रजाती घाटात एकेका डोंगरापुरत्या मर्यादित आहेत. त्यांपैकी एकीला १९७६ मध्ये काणकोणच्या जंगलातून नोंदवताना गोव्याचे नाव दिले गेले. अशा पालीला दोन टेकड्यांमधली उघडी, तापलेली जमीन पुरेसा मोठा अडथळा असते.

रातबेडूक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वाहत्या ओढ्यांच्या काठी राहणाऱ्या बेडकांचा एक आख्खा वंश फक्त पश्चिम घाटातच सापडतो. २०११ मध्ये एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या एकदम १२ नव्या प्रजाती नोंदवल्या, २०१७ मध्ये आणखी ७ आल्या, आणि त्यांतले काही बेडूक अंगठ्याच्या नखावर मावतील एवढे लहान आहेत. नखाएवढा बेडूक एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणार कसा, याचा विचार केला तर घाटातल्या इतक्या प्रजातींचे आश्चर्य उरत नाही.

आपला राज्यपक्षीही याच प्रक्रियेतून आला आहे. केशरी-लाल गळ्याचा, काळ्या डोक्याचा पिवळा बुलबुल फक्त पश्चिम घाटात आढळतो. त्याचे जवळचे नातलग हिमालय, ईशान्य भारत, आग्नेय आशिया आणि श्रीलंकेत आहेत. पूर्वी हे सगळे एकाच प्रजातीचे प्रकार मानले जात. आज आपला बुलबुल स्वतंत्र प्रजाती मानला जातो. येथे मायरच्या व्याख्येची अडचणही दिसते. घाटातला बुलबुल आणि ईशान्येतला बुलबुल निसर्गात कधी भेटतच नाहीत, मग भेटले असते तर जोडी जमली असती का, हे ठरवायचे कसे? रंग, आवाज आणि जनुकांतील अंतर पाहून शास्त्रज्ञ निर्णय देतात, आणि अशा निर्णयांत मतभेद होतात. हे मतभेद मला विज्ञानाचे दुबळेपण वाटत नाहीत. एकाचे दोन होण्याची प्रक्रिया दीर्घ असेल, तर कोणत्याही क्षणी काही जीव अर्ध्या वाटेवर असणारच, आणि अर्ध्या वाटेवरच्या जीवांबद्दल एकमत होणे कठीणच.

भिंत नसतानाही फारकत होते का?

होते, पण ती अधिक अवघड असते. कधी अडथळा जागेचा नसून वेळेचा असतो. २००३ मध्ये केरळमधून जगासमोर आलेला, वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा जांभळा बेडूक नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगेमागे प्रजननासाठी बाहेर येतो. २०१७ मध्ये घाटाच्या पूर्व उतारावरून, तामिळनाडूतून, त्याची दुसरी प्रजाती नोंदवली गेली. तिचे प्रजनन ईशान्य मोसमी पावसाशी जोडलेले आढळले. ज्यांचे जमिनीबाहेर येण्याचे महिनेच वेगळे, त्यांची गाठ पडणार कधी? बेडकांत नराचे ओरडणे आणि काजव्यांत लुकलुकण्याचा ठेका हीच जोडीदाराची ओळख असते, त्यामुळे तेवढा बदलला तरी शेजारी राहणारे दोन समूह एकमेकांना परके होऊ शकतात.

कधी अन्न वेगळे होते. उत्तर अमेरिकेतील एक फळमाशी हॉथॉर्न नावाच्या रानटी झाडाच्या फळांत अंडी घालत असे. युरोपीय वसाहतकारांनी सफरचंद आणल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिच्यातल्या काही माश्या सफरचंदाकडे वळल्या. ज्या फळात वाढायचे, त्याच झाडावर जोडीदार शोधायचा, ही या माशीची सवय; आणि दोन्ही फळे पिकण्याचा काळ वेगळा. दीडशे वर्षांत या दोन गटांत आनुवंशिक फरक पडले आहेत, जरी त्यांना अजून दोन प्रजाती म्हटले जात नाही.

सर्वांत वेगवान प्रकार वनस्पतींत दिसतो, आणि तो आपल्या रोजच्या ताटात आहे. खपली गव्हाची गुणसूत्रे २८ असतात, पोळीच्या नेहमीच्या गव्हाची ४२. दोन वेगळ्या रानगवतांचा संकर झाला, की गुणसूत्रांच्या जोड्या लागत नाहीत आणि रोप वांझ निघते. पण क्वचित गुणसूत्रांची संख्या चुकून दुप्पट होते आणि प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो. अशा संकरातून २८ गुणसूत्रांचा गहू झाला. पुढे सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील शेतांत त्याचा आणखी एका रानगवताशी संकर होऊन ४२ गुणसूत्रांचा गहू निपजला. असे रोप पुन्हा आपल्या जनकांशी सहज जुळत नाही, त्यामुळे फारकत लाखो वर्षांत नव्हे, तर एक-दोन पिढ्यांतच होते.

“हे प्रत्यक्ष घडताना कोणी पाहिले आहे का?”

हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ट्रॅगोपोगॉन नावाच्या फुलझाडांच्या संकरातून, वर सांगितलेल्या गुणसूत्रे दुप्पट होण्याच्या मार्गाने, विसाव्या शतकात दोन नव्या प्रजाती तयार झाल्या. मॅरियन ओन्बी यांनी १९५० मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांचे जनक अमेरिकेत मुळात नव्हतेच, त्यामुळे या प्रजाती तेथे आधीपासून लपून होत्या असे म्हणायला जागा नाही.

प्राण्यांत डॅफ्ने मेजरवरच १९८१ मध्ये शंभरहून अधिक किलोमीटर दूरच्या बेटावरून एक मोठा नर फिंच येऊन पोहोचला. त्याने स्थानिक मादीशी जोडी केली. त्यांच्या वंशजांची चोच आणि गाणे स्थानिकांपेक्षा निराळे होते, आणि काही पिढ्यांतच ते केवळ आपापसांत जोड्या करू लागले. २०१७ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या वंशाला अधिकृत प्रजातीचे नाव दिलेले नाही, आणि ती सावधगिरी योग्यच आहे. पण जनुकांची देवाणघेवाण थांबण्याची पहिली पायरी येथे माणसांनी डोळ्यांनी पाहिली आहे. प्रयोगशाळेतही डायान डॉड यांनी १९८९ मध्ये एकाच फळमाशीचे गट वेगवेगळ्या अन्नावर वाढवून दाखवले की पुन्हा एकत्र आणल्यावर त्या माश्या आपल्यासारख्याच अन्नावर वाढलेल्या जोडीदाराला पसंती देतात.

बहुतेक प्राण्यांत मात्र पूर्ण फारकतीला मानवी आयुष्य पुरत नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू आणला. साडेचारशे वर्षे तो महासागरापलीकडे वाढला, गोव्याच्या डोंगरांवर इतका रुजला की परका वाटेनासा झाला, तरी त्याची प्रजाती ब्राझीलच्या काजूचीच आहे. दुसरीकडे, पनामाची भूपट्टी सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी जोडली जाऊन दोन महासागर वेगळे झाले. १९९३ मध्ये नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी तिच्या दोन्ही बाजूंच्या, चिमटे वाजवणाऱ्या कोळंब्या एकत्र ठेवून पाहिल्या, तेव्हा बहुतेक जोड्या जमल्या नाहीत.

“मग नव्या प्रजातीच्या पहिल्या जीवाला जोडीदार कुठून मिळाला?”

असा पहिला जीव बहुतेक वेळा नसतोच. गुणसूत्रे दुप्पट झालेले रोप हा अपवाद, आणि त्यातील अनेक रोपे स्वतःच्याच परागांनी बी धरू शकतात. एरवी बदलतो तो समूह. प्रत्येक पिल्लू आपल्या आईवडिलांच्याच प्रजातीचे असते, जसे रोजचे दही आदल्या दिवसाचेच असते. तरीही हजारो पिढ्यांच्या दोन टोकांना ठेवलेले जीव एकमेकांशी जुळणार नाहीत इतके वेगळे असू शकतात.

याचा एक नमुना हिवाळ्यात दक्षिण भारतात येतो. हिरवट पर्णवटवट्या हा छोटा पक्षी तिबेटच्या पठाराभोवती कड्यासारखा पसरलेल्या जंगलांत प्रजनन करतो. हिमालयातून पश्चिमेकडच्या बाजूने आणि पूर्वेकडच्या बाजूने उत्तरेला गेले, तर शेजारशेजारचे पक्षी एकमेकांसारखेच आढळतात. पण सैबेरियात जेथे दोन्ही फांद्या पुन्हा भेटतात, तेथे पश्चिमेकडचे आणि पूर्वेकडचे पक्षी एकमेकांच्या गाण्याला प्रतिसादच देत नाहीत. २०१४च्या जनुकीय अभ्यासाने या कड्यात पूर्वी काही ठिकाणी खंडही पडले होते असे दाखवले, त्यामुळे चित्र जुन्या पुस्तकांतल्याइतके नीटस राहिलेले नाही, परंतु टप्प्याटप्प्याने वेगळे होत जाण्याचे ते बोलके उदाहरण आहेच.

“माणूस माकडापासून झाला, तर माकडे अजून का आहेत?”

कारण माणूस आजच्या माकडांपासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होता. तो ना माणूस होता, ना आजचा चिंपांझी. मोले किंवा खोतीगावच्या जंगलात दिसणारे वानर तर त्याहून कितीतरी दूरचे नातलग. त्यांचा आणि आपला फाटा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी फुटला. दोन फांद्यांपैकी एक वाढली म्हणून दुसरी नाहीशी होण्याचे काही कारण नाही. शिवाय फांद्या फुटल्यानंतरही काही काळ मिसळत राहतात: आफ्रिकेबाहेरच्या सर्व माणसांत, म्हणजे आपल्यातही, सुमारे एक ते दोन टक्के आनुवंशिक द्रव्य निअँडरथल मानवाकडून आलेले आहे.

“जंगलाचे तुकडे झाले तर नव्या प्रजाती वाढतील, मग चिंता कशाची?”

तर्काच्या दृष्टीने हा आक्षेप चतुर आहे, आणि गोव्यात तो गांभीर्याने घ्यायला हवा. अलगपणातून प्रजाती निर्माण होतात हे खरे, पण त्यासाठी अलग पडलेला समूह हजारो, बहुधा लाखो वर्षे जिवंत राहावा लागतो. रस्त्याने, खाणीने किंवा रेल्वेमार्गाने तोडलेल्या जंगलाच्या तुकड्यात उरलेले पन्नास-शंभर जीव आपापसांतच प्रजनन करतात, त्यांच्यातले दोष उघडे पडतात, एखादे कोरडे वर्ष किंवा एखादा रोग येतो आणि समूह संपतो. निर्मितीचा वेग लाखो वर्षांचा आणि नाशाचा दशकांचा, असा हा विषम हिशेब आहे. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. त्या प्रकरणातील वाद वाघ, गवे आणि झाडांभोवती फिरला. ओढ्यातला बेडूक आणि कपारीतली पाल यांच्यासाठी तोच रुळांचा पट्टा किती मोठा अडथळा होतो, याची चर्चा लोकांपर्यंत फारशी आली नाही.

जे वेगळे झाले आहे, ते पुन्हा एकात विरघळूही शकते. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडे पडले होते, आणि पुन्हा भरल्यावर त्यात सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० प्रजाती घडल्या. त्यांतल्या काही जवळच्या प्रजाती केवळ रंगावरून आपला जोडीदार ओळखतात: एकीचा नर निळा, दुसरीचा लाल. ओल सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की सांडपाण्यामुळे आणि शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे जेथे पाणी गढूळ झाले, तेथे रंगच दिसेनासे झाले, मासे एकमेकांत मिसळू लागले आणि प्रजातींची संख्या घसरली. कोणी एकही मासा मारला नाही, तरी प्रजाती नाहीशा झाल्या.

आपल्या जांभ्याच्या सड्यांकडे या दृष्टीने पाहावे. उन्हाळ्यात ते ओसाड दिसतात, आणि सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणण्याची जुनी सवय आहे. पावसाळ्यात त्याच कातळावर उथळ पाणी साचते, कीटकभक्षी सीतेची आसवे फुलतात, बेडूक अंडी घालतात. दोन सड्यांमध्ये खोल, दाट झाडीच्या दऱ्या असतात. सड्यावरच्या जीवाला त्या परक्या. म्हणजे प्रत्येक सडा काही जीवांसाठी बेटच आहे, आणि तेथे अर्ध्या वाटेवर असलेले, अजून नाव नसलेले समूह असण्याची शक्यता मोठी आहे. खाणीपूर्वी किंवा बांधकामापूर्वी पर्यावरणाचा जो अहवाल होतो, त्यात ज्ञात प्रजातींची यादी असते. ‘गोंयची’ हे नाव मिळालेला बेडूक २०१८ पूर्वीच्या कोणत्याही यादीत त्या नावाने असणे शक्य नव्हते, जरी तो सड्यावर होताच. त्यामुळे नावांची मोजदाद पुरेशी नाही. सर्वेक्षण पावसाळ्यात आणि रात्री व्हावे, बेडकांच्या आवाजांचे ध्वनिमुद्रण व्हावे, प्रजननाचे दिवस नोंदवले जावेत, आणि एका सड्यावरचे जीव शेजारच्या सड्यावरील जीवांशी जनुकांच्या पातळीवर ताडून पाहिले जावेत, ही मागणी ग्रामसभांनी आणि जैवविविधता समित्यांनी आजच्या कायद्याच्या चौकटीतही करता येण्यासारखी आहे.